पाठपुरावा आणि पाठराखण : बालकर्करोगातून बरे झालेल्यांच्या देखभालीचा इतिहास



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी वैद्यकाचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा विषय जितका औषधांचा आहे, तितकाच लिहून ठेवण्याचाही आहे. बालपणी कर्करोग झालेली मुले त्यातून वाचतात आणि मोठी होतात. पुढील आयुष्यात त्यांची वैद्यकीय देखभाल कोणी आणि कुठवर करावी, या प्रश्नाचा इतिहास मी आज मांडणार आहे.

हा प्रश्न उभा राहण्यासाठी आधी मुले वाचणे आवश्यक होते. १९४७ पर्यंत रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावणार, हे गृहीतच धरले जाई. त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. १९४८ साली त्यांनी सोळा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहांचा आजार काही काळ मागे हटला होता. हे औषध अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ज्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमवरमचे. मराठी व तेलुगू एकत्र नांदणाऱ्या आपल्या तालुक्यात या तेलुगुभाषक शास्त्रज्ञाचे स्मरण औचित्याचेच होय. फार्बरांच्या मुलांना लाभलेला दिलासा अल्पकाळाचा ठरला, पण वाट उघडली. पुढे अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धती आली, तिला किरणोपचारांची जोड मिळाली. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले जगतात.

मात्र ज्या उपचारांनी प्राण वाचले, त्यांनीच काही खुणा मागे ठेवल्या. अँथ्रासायक्लिन गटातील औषधांमुळे हृदयाचे स्नायू वर्षानुवर्षांनी दुर्बल होऊ शकतात. मेंदूला दिलेल्या किरणांमुळे उंची खुंटते, अभ्यासात मन लागणे कठीण होते. काही औषधांनी ऐकू कमी येते, काहींनी अपत्यप्राप्तीत अडथळा येतो, तर क्वचित दुसराच कर्करोग उद्भवतो. हे सारे त्या वेळी दिसत नाही. दहा-वीस वर्षांनी, मूल संसाराला लागल्यावर दिसते. म्हणूनच १९७५ साली अमेरिकन डॉक्टर ज्यूलिओ डी'अँजिओ यांनी केवळ रोगमुक्तीवर समाधान मानू नये, असे बजावले. रोग गेला म्हणजे वैद्याचे कर्तव्य संपले, या समजुतीला त्यांनी धक्का दिला.

आपल्या देशात या जाणिवेला संस्थेचे रूप आले ते मुंबईत. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तेथे १९९१ साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने 'अ‍ॅक्ट' नावाचे चिकित्सालय सुरू झाले. उपचार पूर्ण झाल्यानंतरचे चिकित्सालय, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. उपचार संपून ठरावीक काळ निर्धोक गेलेल्या मुलांची तेथे नोंद होते. त्यांची वाढ, हृदय, अभ्यास, मनःस्थिती हे सारे वेळोवेळी तपासले जाते. पूर्वी रक्त घेतलेल्यांना काविळीच्या विषाणूंची बाधा झाली आहे काय, हेही पाहावे लागते. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस 'सी'ची चाचणी सक्तीची झाली ती २००१ सालीच. पुढे २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट उभा राहिला. ज्यांची काळजी घेतली गेली तेच इतरांची काळजी घेऊ लागले, ही या इतिहासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

येथे भाषेकडे वळण्याची परवानगी असावी. या देखभालीला आपण सहज 'पाठपुरावा' म्हणतो. पाठ पुरवणे म्हणजे मागे लागणे, पिच्छा न सोडणे. अर्जाचा पाठपुरावा होतो, थकबाकीचाही होतो. बऱ्या झालेल्या मुलाला मात्र आजाराने पुन्हा आपला पिच्छा पुरवावा असे वाटत नाही. आईवडीलही मुलाला, विशेषतः मुलीला, झालेल्या आजाराचे नाव सांगत नाहीत. लग्न मोडेल, नोकरी हुकेल, अशी भीती असते. परिणामी तिशीत धाप लागलेल्या माणसाला आपल्या हृदयाकडे कोणते औषध गेले होते, हेच ठाऊक नसते. त्याला हवी असते ती पाठराखण. आणि पाठराखणीला माहिती लागते.

उटनूरहून आदिलाबाद, तेथून नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबई, किंवा तीनशे किलोमीटरांवरचे हैदराबाद : बुडालेली मजुरी जमेस धरली तर दर वर्षीची ही वारी किती कुटुंबांना परवडेल? आदिलाबादेत २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील डॉक्टरही बरेच काही करू शकतील, मात्र त्यांच्या हाती मुलाला पूर्वी कोणती औषधे, किती मात्रेत, शरीराच्या कोणत्या भागाला किती किरण दिले, याचा एक-दोन पानांचा गोषवारा असला पाहिजे. कागदाचे मोल उटनूरने फार पूर्वी जाणले आहे. १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नांनी येथील गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन केवळ लेखी आधार नसल्यामुळे हातची जात होती. वाचलेल्या आयुष्याचेही असेच आहे. ते टिकवायचे तर त्याचा लेखी आधार जपावा लागतो.

शाळेचा दाखला आपण जन्मभर जपतो, आणि शाळाही आपले नाव नोंदवहीत जपते. म्हणून माझी विनंती इतकीच. गावातील असे एखादे मूल उपचार पूर्ण करून परत आले, तर त्याच्या पालकांना हा गोषवारा रुग्णालयाकडून मागून घेण्यास सांगा. त्याच्या दोन-तीन प्रती काढून द्या. पालकांची इच्छा असेल तर एक प्रत मोहोरबंद लिफाफ्यात शाळेतही ठेवा, आणि मूल जाणते झाले की तो लिफाफा त्याच्याच स्वाधीन करा. वर्गात ते मागे पडले तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्या उपचारांची आठवण ठेवा. मूल वाचवणे हे रुग्णालयाचे काम असले, तरी वाचलेल्या मुलाची पाठ राखणे हे गावाचे आणि शाळेचेही काम आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांनी हजेरीपटावरील एकही नाव कधी परके मानले नाही. त्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण करून मी आपली रजा घेतो.