परदेशातील शालेय वास्तव्य आणि खान्देशचा विद्यार्थी

शालेय वयात परदेशी जाण्याचे प्रमुख मार्ग दोन : सहल आणि विद्यार्थी-विनिमय. सहलीत स्थळे पाहून होतात; विनिमयात विद्यार्थी तेथील कुटुंबात राहून तेथल्याच शाळेत शिकतो. महायुद्धांत जखमींची ने-आण करणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या 'एएफएस' या संघटनेने १९४७ मध्ये असा शालेय विनिमय सुरू केला. रोटरीच्या योजनेत १५ ते १९ वयाच्या मुलामुलींना प्रवेश मिळतो. दीर्घ मुदतीचे वास्तव्य एका शैक्षणिक वर्षाचे असते. निवासाची व शाळेची व्यवस्था यजमान क्लब पाहतो. विमानभाडे व विमा सहसा पालकांना सोसावा लागतो.

जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याची खरी कसोटी यजमानांच्या घरी लागते. केळीची बाग कशी राखतात, कापसाचा भाव का कोसळतो, घरची अहिराणी मराठीहून वेगळी कशी, असे प्रश्न तेथे निघतात. उत्तर शोधताना तो आपल्याच मुलखाकडे प्रथमच बाहेरून पाहतो. परक्या भाषेत चुकत बोलण्याचा संकोचही हळूहळू ओसरतो.

मात्र खर्च आणि दहावी-बारावीचे वर्ष मागे पडण्याची भीती यांमुळे ही वाट अनेकांना बंदच राहते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिकविणाऱ्या साने गुरुजींनी पुढे 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. परप्रांताची भाषा व जीवन जाणून घेण्याचा तो मार्ग पारपत्राविना आजही खुला आहे.