‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव घेतलें म्हणजे सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद या संस्था डोळ्यांपुढें उभ्या राहतात. पण हा पुरुष घरांत कसा होता, हें महाराष्ट्राला कळलें तें त्यांच्या पत्नीच्या लेखणीनें. पतिनिधनानंतर नऊ वर्षांनीं, १९१० सालीं, रमाबाईंनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यास प्रस्तावना नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची आहे.

या संसाराचा आरंभ एका अवघड प्रसंगानें झाला. १८७३ सालीं रानड्यांची पहिली पत्नी निवर्तली. विधवाविवाहाच्या कैवाऱ्यानें आतां विधवेशींच लग्न करावें, अशी सुधारकांची अपेक्षा. आणि नेमकी तीच त्यांच्या वडिलांची धास्ती. वडिलांच्या निग्रहापुढें ३१ वर्षांच्या मुलानें मान लवविली, आणि त्याच वर्षीं कुर्लेकरांची ११ वर्षांची मुलगी सून होऊन घरांत आली. लोकांनीं रानड्यांस नांवें ठेविलीं. ही हकीकत झांकून ठेवणें रमाबाईंस सहज शक्य होतें. पण त्यांनीं ती सविस्तर सांगितली. आपल्या भाग्याचा उगम ज्या लग्नांत, तेंच लग्न पतीच्या इच्छेविरुद्ध झालें होतें, हें त्यांनीं वाचकांपासून लपविलें नाहीं.

मुलीला अक्षरओळख नव्हती. पतीनें तिला स्वतः शिकविण्यास आरंभ केला. मराठीमागून इंग्रजी आली. घरांतील वडील बायकांना हें रुचेना. सुनेनें पुस्तक हातीं धरलें कीं टोमणे आणि अबोला ठरलेलाच. रानडे वडीलधाऱ्यांस दुरुत्तर करीत नसत, आणि पत्नीनेंहि उलट न बोलतां सोसावें, पण अभ्यास सोडूं नये, असें त्यांचें सांगणें असे. सोसण्याचा मोठा वांटा मात्र तिच्याच पदरीं आला. प्रेमाचे उद्गार या पुस्तकांत थोडे आहेत. तेथें प्रेम आहे तें रात्रीच्या धड्यांत, आणि तो धडा चुकूं नये म्हणून दिवसभर गिळलेल्या शब्दांत.

१६ जानेवारी १९०१ रोजीं रानड्यांचें देहावसान झालें. आठवणीहि तेथेंच थांबतात. रमाबाई त्यापुढें २३ वर्षें जगल्या. पतीचीं धर्मपर व्याख्यानें त्यांनीं प्रसिद्ध केलीं. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन सुरू झालें, त्याच्या त्या प्राण होत्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणूनहि त्या झटल्या. पण स्वतःच्या या कर्तृत्वाचें चरित्र त्यांनीं लिहिलें नाहीं. पुस्तकाचें नांव ‘त्यांच्या आयुष्यांतील’ असें नाहीं, ‘माझ्या आयुष्यांतील’ असेंहि नाहीं. जेथवर ‘आमच्या’ म्हणतां आलें, तेथवरच त्यांनीं लिहिलें.

सेवासदनांत पुढें कितीएक विधवा शिकून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. १८७३ सालीं रानड्यांच्या हातून एका विधवेचा उद्धार घडावयाचा राहिला. त्यांच्या मागें राहिलेल्या विधवेनें तो अनेकींच्या बाबतींत घडवून आणिला. आणि त्यासाठीं लागणारी विद्या व सोशिकपणा तिला त्या न मागितलेल्या लग्नांतच मिळाला होता.