मारणाऱ्यांच्याच कागदांतून

अमेरिकेतलं मेम्फिस शहर. ९ मार्च १८९२. जमावानं तीन काळ्या माणसांना तुरुंगातून ओढून नेलं आणि गोळ्या घातल्या. त्यांचा खरा गुन्हा? त्यांचं किराणा दुकान चाललं होतं आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटत होतं.

मेलेल्यांपैकी थॉमस मॉस हा आयडा वेल्सचा मित्र. आयडा १८६२ साली गुलामीत जन्मलेली, शाळेत शिकवून पुढं पत्रकार झालेली. त्या काळी गोरे एकच पालुपद लावीत : हे आमच्या बायांवर बलात्कार करतात, म्हणून आम्ही मारतो. शहाणीसुरती माणसंही ते खरं धरून चालत. आयडा मोजायला बसली.

मोजायचं कशावरनं? आपल्या माणसाचा शब्द कुणी धरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच ‘शिकागो ट्रिब्यून’मधले. १८९२ च्या पुस्तिकेत तिनं आठ वर्षांतले ७२८ बळी मांडले. बलात्काराचा आरोप होता तो फक्त एक तृतीयांशांवर. आरोप, शाबित नव्हे! बाकीचे कशापायी मेले? कुणी भांडणापायी, कुणी गोऱ्याला उलटून बोलला म्हणून. १८९५ च्या ‘अ रेड रेकॉर्ड’मध्ये तर नाव, तारीख, गाव, आरोप अशा याद्याच आल्या.

नुसत्या कागदावर ती थांबली नाही. जागेवर गेली, माणसांना बोलतं केलं. एका ठिकाणी छापून आलं होतं ‘लहान मुलगी’. बघते तर चांगली मोठी बाई.

मे १८९२ मध्ये तिचा छापखाना फोडला. आकडे मात्र फुटले नाहीत. लिंचिंगविरोधी केंद्रीय कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं, हेही ध्यानात ठेवा.

दोस्तांनो, १९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरचं. नाव घेतलं तशी ही रीतही घेऊ. आपल्याकडं खून होतो आणि कागदावर कारण पडतं ‘पूर्ववैमनस्य’, ‘बांधाचा वाद’. १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा हातात असून अशा एका शब्दानं खटला ढिला पडतो. म्हणून वही घ्या, रकाने आखा : तारीख, गाव, फिर्यादीतलं कारण, वस्तीनं सांगितलेलं कारण, कारण कुणी लिहिलं, खटल्याचं काय झालं. एक प्रकरण म्हणजे हकिकत. शंभर प्रकरणांचे रकाने शेजारी ठेवले की पद्धत उघडी पडते.

मोर्चा तर काढूच. पण जाताना वही काखेत असू द्या.