ओपनसर्च
ओपनसर्च हे संकेतस्थळावरील शोधसुविधा इतर साधनांशी जोडण्याचे मुक्त प्रमाणक आहे. अ‍ॅमेझॉनच्या ए९ या उपकंपनीने ते २००५ मध्ये मांडले. संकेतस्थळ एका एक्सएमएल वर्णनपत्रात आपल्या शोधपानाचा पत्ता देते व शोधशब्दाची जागा मोकळी ठेवते. ब्राउझर तेथे वापरकर्त्याचा शब्द भरतो. विकिपीडियाची मीडियाविकी ही प्रणाली अनेक संस्था अंतर्गत दस्तऐवजांसाठीही वापरतात. तीत ही सोय आहे.

देवनागरी शोध

पत्त्यात देवनागरी मजकूर यूटीएफ-८ संकेतनाने, प्रत्येक बाइटपूर्वी टक्केचिन्ह लावून पाठवतात. ‘श्रीरामपूर’ या शब्दात १० युनिकोड चिन्हे आहेत. त्यांचे ३० बाइट आणि पत्त्यात ९० वर्ण होतात. दोन्ही बाजूंचे संकेतन वेगळे असल्यास शब्द विकृत होतो व लेख अस्तित्वात असूनही सापडत नाही.