वाळलेल्या बोंडांवरून रानवनस्पतींची ओळख

पाने-फुले गळून गेलेल्या अनोळखी झाडाचे कुल, आणि जमल्यास जाती, त्याच्या सुक्या फळांवरून व बियांवरून ठरवण्याची पद्धत. महाराष्ट्रात पावसाळ्यात उगवलेली बहुतेक रानझुडपे दिवाळीनंतर वाळू लागतात आणि माळावर, रस्त्याकडेला त्यांचे सांगाडे कित्येक आठवडे उभे राहतात. फुलाशिवाय ओळख पटत नाही, हा समज सोडून द्यावा. रंग जातो, पण फुलाची बांधणी फळात टिकून असते. कप्पे किती, निदलपुंज राहिला की झडला, फळे खोडावर कशी बसली, हे सुकल्यावरही मोजता येते.

दीपमाळ या वनस्पतीवर हात बसवावा. माणसाएवढ्या उंच सरळ दांड्यावर ठरावीक अंतराने काटेरी गोल गोंडे ओवलेले दिसतात. गोंडा उकलला की तो अनेक नळीदार निदलपुंजांचा झुबका निघतो; प्रत्येकाच्या तोंडाशी टोचणारे दाते, तळाशी ४ सुट्या फलिका. दांडा बोटांत फिरवला की चौकोनी लागतो आणि पानांचे वण समोरासमोर सापडतात. ही तिन्ही लक्षणे एकत्र भेटली की तुळशीचे कुल जवळपास निश्चित होते. तुळशीच्या मंजिरीतही हीच रचना आहे, फक्त नाजूक. याच कुलातल्या तुंब्याचे गोंडेही असेच असतात, पण ते झाड गुडघ्याच्या वर क्वचितच जाते. उंची आणि ताठ काटे पाहिले की लिओनॉटिस नेपेटिफोलिया हे नाव निःशंकपणे लिहावे.

फळ कसे उघडते, हा सर्वांत बोलका पुरावा. कुर्डूच्या इवल्या फळाची वरची टोपी आडवी सुटते आणि काळ्या चकचकीत बिया दिसतात. पेटारीचे १५ ते २० कप्पे चक्रासारखे मांडलेले असतात. ती भेंडीच्या कुलातली. सराट्याचे फळ ५ काटेरी तुकड्यांत फुटते. शंखेश्वराच्या आकडेदार फळात बहुधा २ बिया असतात.

धोत्रा आणि पिवळा धोत्रा यांची नावे जवळची, बोंडे दोघांचीही काटेरी, कुले मात्र वेगळी. रानात नेहमी दिसणाऱ्या धोत्र्याचे गोल बोंड खाली झुकते, वेडेवाकडे फुटते आणि त्यातून चपट्या बिया पडतात. हे वांग्याचे कुल. पिवळ्या धोत्र्याचे लांबट बोंड टोकाशी उकलते आणि आत मोहरीसारख्या काळ्या बिया असतात. हे अफूचे कुल. १९९८ मध्ये दिल्लीत याच बियांच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने जलशोफाची साथ पसरली होती. अनोळखी बी चाखून पाहणे म्हणूनच कटाक्षाने टाळावे.

खुळखुळ्याच्या अनेक जाती मात्र केवळ वाजणाऱ्या शेंगेवरून वेगळ्या करणे कठीण. तेथे वंशापाशी थांबणेच प्रामाणिक.

नमुना घेताना एकटे बोंड न खुडता ते दांड्याच्या तुकड्यासह कापावे, बिया कागदी पाकिटात ठेवाव्यात, ठिकाण, तारीख, उंची व जमिनीचा प्रकार लिहावा. पडताळ्यासाठी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ, तसेच मुंबईतील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह उपयोगी पडतो. तरीही अडले तर चार बिया पावसाच्या तोंडाला कुंडीत पेरून फुलाची वाट पाहावी. गाजरगवतासारख्या पसरणाऱ्या तणाचा संशय असेल तर मात्र पेरू नये.