बिऱ्हाड आणि दाखला

बदलीचा हुकूम हातात पडला, की घर शोधण्याआधी शाळेची चौकशी सुरू होते. बोर्ड कोणतं, माध्यम कोणतं, डोनेशन किती, बस दारापर्यंत येते का, हे सगळं विचारलं जातं. ही शाळा मुळात कोणाला गृहीत धरून उभी राहिली, हे मात्र कोणी विचारत नाही. जूनमध्ये उघडणारं वर्ष, पटावरचं नाव, रोजची हजेरी, वर्षाअखेरची परीक्षा ही शाळेची सगळी रचना एका जागी राहणाऱ्या कुटुंबासाठी आहे. बिऱ्हाड हलवणाऱ्याची सोय त्यात नंतर, कोणीतरी मुद्दाम केली तेव्हाच झाली. महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहता मला असं दिसतं, की आपण ज्याला शाळेची निवड म्हणतो ती त्यांच्याच वाट्याला आली, ज्यांच्या स्थलांतराचा खर्च आधीच दुसऱ्या कोणीतरी उचलला होता. तो कोणी उचलला, यावर निवडीची व्याप्ती ठरली.

एकोणिसाव्या शतकात सहसा कुटुंब हलत नसे, मुलगा हलत असे. कोकणातल्या गावात मराठी शाळा संपली, की पुढे रत्नागिरी, पुणे नाहीतर मुंबई. धोंडो केशव कर्वे मुरुडहून साताऱ्याला सहावीच्या परीक्षेसाठी डोंगर तुडवत चालत गेले आणि लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. परीक्षेचं केंद्र एवढं लांब, तर शाळा किती लांब असतील याचा अंदाज त्यावरून यावा. पुण्यात पोचलेल्या मुलाला शाळेइतकीच, किंबहुना आधी, जेवणाची सोय पाहावी लागे. ती सोय म्हणजे वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार लागले की आठवडा भरला. पाचच लागले तर दोन दिवस माधुकरी मागायची, नाहीतर उपाशी राहायचं. पुढे विसाव्या शतकातही, शिक्षण स्वस्त पडतं म्हणून औंधला गेलेल्या साने गुरुजींना तिथे हाल काढावे लागले. गरीब विद्यार्थी केवळ जिद्दीवर शिकले असं आपण कौतुकाने म्हणतो, पण त्या जिद्दीला वार लावून देणारी घरं होती आणि ती घरं जातीने बांधलेली होती. ज्याच्या जातीची घरं पुण्यात नव्हती, त्याला पुण्याची शाळा असून नसल्यासारखीच होती.

हे गणित शाहू महाराजांना नेमकं कळलं होतं. नुसती शाळा काढून खेड्यातला मुलगा कोल्हापुरात टिकणार नाही, त्याला छप्पर आणि भाकरी आधी लागेल, हे त्यांनी ओळखलं. 1901मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, जैन बोर्डिंगही त्याच सुमारास. पुढे मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. यावर एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे: जातवार वसतिगृहांनी जात पक्कीच केली. आक्षेप पोकळ नाही, पण त्याला उत्तर आहे. महाराजांनी आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं, त्याचा फायदा मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. ज्यांचं शहरात कोणी नाही त्यांना स्वतःचा ओटा हवा होता, आणि तो त्या काळी जातीच्याच नावाने मिळू शकत होता. एका छपराखाली सर्व जातींची मुलं ठेवण्याचं काम भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924मध्ये करून दाखवलं. 1927मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचंच नाव दिलं गेलं, हा योगायोग नव्हे.

पण मुलाऐवजी अख्खं कुटुंब हललं तर? त्या काळातलं सर्वांत बोलकं उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचं आहे. ते फौजेच्या शाळेत मुख्याध्यापक होते, आणि फौज हे बदलीच्या नोकरीचं आद्य क्षेत्र. पलटणीबरोबर शाळाही असे. भीमरावांचा जन्म 1891चा, महूच्या छावणीतला. रामजी निवृत्त झाले, कुटुंब दापोलीला आलं, मग साताऱ्याला, मग मुंबईला. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे, की वर्गात त्यांचं गोणपाट वेगळं असे. शाळेचा गडी ते शिवत नसे म्हणून संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळावर शिपायानेच पाणी पाजायचं, शिपाई नसला तर पाणी नाही. मुंबईत आधी मराठा हायस्कूल, नंतर एल्फिन्स्टन. इथे कोणी म्हणेल, बघा, बापाने शाळा निवडलीच की, आणि उत्तम निवडली. खरं आहे, पण ती निवड कशाच्या जोरावर झाली ते पाहावं. फौजेतली नोकरी, पेन्शन, स्वतःची शिक्षकी आणि सरकारी शाळेचं उघडं दार, एवढं जमून आलं तेव्हा ती शक्य झाली. दार उघडं असणंही साधी गोष्ट नव्हती. 1856मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, त्यावर सरकारदरबारी बराच खल झाला आणि मग कुठे सर्व जातींना प्रवेशाचं तत्त्व मान्य झालं. छावणीच्या शाळेतून बाहेर पडल्यावर त्या कुटुंबापुढे कुठली शाळा चांगली हा प्रश्न नव्हताच. कुठली घेईल, हा होता.

मुंबईच्या गिरणगावाने तिसरा मार्ग काढला. चाकरमानी खोलीत दहाबाराजणांत राहिला, बायकोपोरं गावी, मनीऑर्डर महिन्याला, मुलांची शाळा गावचीच. शाळा न बदलण्याची किंमत बापाच्या गैरहजेरीने चुकती झाली.

स्वातंत्र्यानंतर हा खर्च सरकारने अंगावर घेतला, तो स्वतःच्या नोकरांपुरता. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून 1962च्या नोव्हेंबरात केंद्रीय शाळांची योजना मंजूर झाली. 1963-64मध्ये पलटणींच्या वीस शाळा ताब्यात घेऊन ती सुरू झाली, म्हणजे पुन्हा छावणीच. 1965मध्ये केंद्रीय विद्यालय संगठन नोंदलं गेलं. त्याआधी 1962मध्येच केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची पुनर्रचना झाली होती, तीही वारंवार बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. आज जे बोर्ड श्रीमंती आणि स्पर्धा परीक्षा यांचं प्रतीक मानून लोक रांगा लावतात, ते असं बदलीवाल्यांच्या गरजेतून घडलेलं आहे. देशभर एकच पुस्तक, एकच वेळापत्रक, त्यामुळे देवळालीतून पठाणकोटला गेलेलं मूल मधल्या धड्यावर बसू शकतं. या साचेबंदपणावर टीका होते: मुलं महाराष्ट्रात वाढतात आणि त्यांना मराठीत पत्र लिहिता येत नाही. टीका रास्त आहे. मात्र तो या व्यवस्थेतला निष्काळजीपणा नाही, तिची किंमत आहे. पैसा सरकारने दिला, भाषा मुलाने दिली. बदली होणाऱ्या आईबापांनी हा सौदा बहुधा जाणूनच केला.

आता दुसरं टोक. बीड, अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, कारखान्याच्या तळावर राहायला कोपी घालायची, मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडायचा. बरोबर आलेलं पोर धाकट्याला सांभाळतं, उसाचे वाढे गोळा करतं. शाळेचं वर्ष आणि गाळपाचं वर्ष एकमेकांना आडवी जातात: पहिलं सत्र गावात, दुसरं तळावर. 1990च्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी तळावर साखरशाळा काढल्या. शिक्षणहक्क कायदा आल्यावर त्यांची जागा गावातल्या हंगामी वसतिगृहांनी घ्यायची असं धोरण झालं. मूल एका शाळेत टिकतं, म्हणून हे धोरण चांगलं असं म्हणणाऱ्यांचं मला निम्मं पटतं. मूल टिकतं, पण जवळपास सहा महिने आईबापाविना, बऱ्याच ठिकाणी आजीच्या किंवा चुलत्याच्या घरी झोपून. कायद्याच्या पाचव्या कलमाने दाखला मिळायला उशीर झाला तरी प्रवेश अडवायचा नाही असं सांगितलं, हे मोठंच काम आहे. तो ‘शाळा सोडल्याचा दाखला’ जवळून पाहण्याजोगा आहे: जन्मतारीख, जात, प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचं कारण. जातपडताळणीसाठी लोक आज आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी धुंडाळतात, इतकं त्या रकान्यांना वजन आहे. बदलीवाल्याच्या दाखल्यात ‘वडिलांची बदली’ असं सरळ लिहिलेलं असतं. कोयत्याचं पोर ऑक्टोबरात न सांगता जातं, त्याच्या नावापुढे हजेरीत नुसती गैरहजेरी लागते.

हा फरक नियमांतही आहे. केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात गेल्या सात वर्षांतल्या पालकांच्या बदल्या मोजून क्रम लावतात. बदली धरायची तर दोन ठिकाणांत किमान वीस किलोमीटर अंतर हवं आणि एका ठिकाणी मुक्काम किमान सहा महिने. सात वर्षांत एका कोयत्याचं बिऱ्हाड चौदा वेळा हलतं, वीस किलोमीटरांहून कितीतरी दूर जातं. तरी ती बदली धरली जात नाही, कारण ती नोकरीची नसते, आणि तळावरचा मुक्कामही बहुधा सहा महिन्यांपेक्षा थोडा कमीच भरतो.