एअर सस्पेन्शन, मागील : दोषनिदान

मागच्या आसावर पोलादी पाट्यांऐवजी हवाभरले रबरी फुगे असलेल्या वाहनातील बिघाड शोधण्याची पद्धत. मुंबई–नाशिक महामार्गावर खर्डी ओलांडून कसारा (थळ) घाट चढणाऱ्या अनेक आरामबसमध्ये ही रचना असते. कॉम्प्रेसर टाकीत हवा साठवतो. चासी वर-खाली झाली की दांडीने आसाशी जोडलेला लेव्हलिंग व्हॉल्व्ह फुग्यांत हवा सोडतो किंवा काढून घेतो.

रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला बसलेली दिसली, तर आधी त्या बाजूचा फुगा, नळी आणि जोड तपासावेत. साबणाचे पाणी लावले की गळतीपाशी बुडबुडे येतात. पंक्चरवाल्याचा हा उपाय अजूनही भरवशाचा. मात्र रबराच्या भेगा घडीत लपतात, म्हणून चासी उचलून, फुगा ताणून पाहावा. गळती नसताना गाडी तिरकी किंवा फार उंच राहिली, तर दांडी वाकली वा निसटली असण्याचा संभव अधिक. तेथे नवा फुगा घालणे म्हणजे पैसे वाया. पावसाळ्यात टाकीतून पाणी फार निघू लागले तर एअर ड्रायर पाहावा. चासीला स्टँडचा आधार दिल्याशिवाय गाडीखाली शिरू नये. हवा सुटताच ती खाली येते.